दहा सूचकांची यादी

(पडद्यावर: जांबोटीकडे जाणारा रस्ता, पहाटेचे धुके, पिंपळाखाली उभी असलेली बस.)

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील या गावात रात्री मुक्कामाला येणाऱ्या गाडीला सगळे वस्तीची बस म्हणतात. चालक आणि वाहक रात्री शाळेच्या व्हरांड्यात झोपतात, सकाळी शाळेच्याच नळावर तोंड धुतात आणि साडेसहाला गाडी खानापूरकडे निघते. त्या गाडीत दारामागच्या दुसऱ्या आसनावर, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेले गृहस्थ याच शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. आपले नाव या चित्रफितीत येऊ नये, अशी त्यांची अट आहे. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीकडे विधानसभेच्या उमेदवारीसाठी अर्ज केला आहे, निर्णय व्हायचा आहे, आणि त्याआधी पडद्यावर नाव झळकणे त्यांना प्रशस्त वाटत नाही. गाव त्यांना गुरुजी म्हणते. आम्हीही तेच म्हणू.

गुरुजी १९८८ साली सरकारी मराठी प्राथमिक शाळेत रुजू झाले आणि २०२४ मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, निवृत्त झाले. येत्या विधानसभा निवडणुकीत खानापूर मतदारसंघातून उभे राहण्याचा विचार त्यांनी प्रथम घरी बोलून दाखवला, तेव्हा त्यांच्या पत्नीने विचारले होते की छत्तीस वर्षे लोकांची मते मोजून झाली, आता स्वतःची मोजायची आहेत का. प्रश्न थट्टेचा होता, पण त्यात तथ्य होते. १९८९ पासून २०२३ पर्यंत कर्नाटक विधानसभेच्या ज्या आठ निवडणुका झाल्या, त्या प्रत्येक निवडणुकीत गुरुजींना मतदानाचे काम लागले, सुरुवातीला मतदान अधिकारी म्हणून आणि नंतर केंद्राध्यक्ष म्हणून. लाखेच्या मोहरा लावलेल्या मतपेट्या त्यांनी जीपमधून वाहिल्या, पुढे मतदान यंत्रे आली तेव्हा मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर चाचणी मते टाकून यंत्र कोरे आहे हे दाखवण्याचा विधी त्यांनी इतक्या वेळा केला की ते वाक्य त्यांना अजून मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांत तोंडपाठ आहे. मतदाराच्या डाव्या तर्जनीला लागणारी शाई आपल्याच राज्यात, म्हैसूरमध्ये तयार होते, हे ते मुलांना प्रत्येक निवडणुकीच्या आठवड्यात सांगत. मात्र ड्युटीवर असल्यामुळे स्वतःच्या गावातील केंद्रावर रांगेत उभे राहून विधानसभेसाठी मत देण्याचा योग त्यांना एकदाही आला नाही.

(पडद्यावर: शाळेची कौलारू इमारत. फळ्यावर तारीख, वार आणि पट.)

शाळेच्या दर्शनी फळ्यावर आज पट अठरा लिहिलेला आहे. पाच इयत्ता, अठरा मुले आणि शिक्षक दोन, त्यांपैकी एक अतिथी, म्हणजे तात्पुरता नेमलेला शिक्षक. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, त्यामुळे कागदावर या शाळेला काहीच कमी नाही. अडचण जून महिन्यात दिसते. शाळा सुरू होते, पाऊस धरतो, आणि अतिथी शिक्षकाच्या नेमणुकीचा आदेश येईपर्यंत एकच माणूस पाच वर्ग सांभाळतो, शिवाय पोषण आहाराची नोंद ठेवतो आणि गटशिक्षणाधिकारी कार्यालयात, ज्याला येथे सर्रास बीईओ ऑफिस म्हणतात, बैठकीलाही जातो. त्या दिवशी शाळा कोण सांभाळते, असे आम्ही विचारले. स्वयंपाकीण बाई, असे उत्तर मिळाले.

हजेरीपट ही शाळेची मालमत्ता असल्याने गुरुजींनी तो घरी आणलेला नाही. परंतु दरवर्षीचा पट त्यांनी एका लांबट वहीत स्वतःच्या अक्षरात उतरवून ठेवला आहे. पहिल्या पानावर बहात्तर हा आकडा आहे. पुढे पन्नाशी, मग चाळिशी, आणि शेवटच्या पानांवर आकड्यांसमोर बारीक अक्षरात कारणे आहेत: एक कुटुंब गोव्याला कामाला गेले, दोन मुलांना बेळगावात इंग्रजी शाळेत घातले, एकाच्या मामाने खानापूरला नेले. कन्नड सक्ती हे कारण त्या वहीत एकदाही लिहिलेले नाही, हे आमच्या लक्षात आले आणि आम्ही ते विचारलेही. गुरुजी म्हणाले की पालक शाळा सोडताना जे सांगतात तेच मी लिहिले; जे सांगत नाहीत ते मी माझ्या मनाने कसे लिहू?

हे उत्तर देणारा माणूस सीमाप्रश्नापासून अलिप्त राहिलेला नाही, हे येथे सांगितले पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेत मुंबई राज्यातील बेळगाव, विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेले, चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. १९६७ मध्ये महाजन आयोगाने खानापूर, नंदगड, निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, पण बेळगाव शहर तेथेच ठेवावे, असा अहवाल दिला आणि महाराष्ट्राने तो फेटाळला. २००४ मध्ये महाराष्ट्राने दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. या सगळ्या तारखा गुरुजींना घरातूनच मिळाल्या, कारण त्यांचे वडील दर १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीला जात. १९८६ मध्ये कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले, १ जूनला गोळीबार झाला, तेव्हा गुरुजी बेळगावात टी.सी.एच. हा प्राथमिक शिक्षकाचा अभ्यासक्रम करत होते, हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी ते आजही दरवर्षी त्या दिवशी जातात. आणि याच माणसाने पुढे, शाळेला कन्नडचा शिक्षक नसताना, दोन वर्षे स्वतः मुलांना कन्नड बाराखडी शिकवली. या दोन गोष्टींत विसंगती आहे असे त्यांना वाटत नाही. सक्तीला विरोध करणे वेगळे आणि मुलाला एखादी भाषा न येऊ देणे वेगळे, असे ते शांतपणे सांगतात.

(पडद्यावर: संध्याकाळ. गावचा चव्हाटा, भजनाला जमणारी मंडळी, टाळांची पेटी.)

खरा वाद याच मुद्द्यावर झाला, आणि तोही विरोधकांशी नव्हे. शेजारच्या गावात भजनानंतर पंचमंडळी आणि समितीचे काही कार्यकर्ते बसले होते. निवडून आलात तर सभागृहात मराठीत बोलाल ना, असे एका तरुणाने विचारले. संविधानाच्या अनुच्छेद २१० प्रमाणे राज्याच्या विधिमंडळाचे कामकाज राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. ज्या सदस्याला यांपैकी कोणत्याही भाषेत नीट बोलता येत नाही, त्याला अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची परवानगी देऊ शकतात. गुरुजींनी हे सगळे समजावून सांगितले आणि शेवटी म्हणाले की मला कन्नड उत्तम येते, तेव्हा मला येत नाही असे खोटे सांगून परवानगी मागणार नाही. मी कन्नडमध्येच बोलेन, कारण शाळेला शिक्षक देणारा मंत्री समोर बसलेला असेल आणि त्याला दुभाष्याशिवाय समजले पाहिजे. चव्हाट्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एका वयस्कर गृहस्थांनी, हे भाषण प्रचारात करू नका, एवढाच सल्ला दिला.

आम्हाला स्वतःला हा सल्ला व्यवहारी वाटला आणि गुरुजींचे उत्तर धाडसाचे. भाषेच्या नावावर मते मागण्याची सवय जडलेल्या राजकारणात, भाषेचा प्रश्न दुसऱ्याच्या भाषेत मांडू असे म्हणणारा उमेदवार आपल्याच माणसांना अडचणीत टाकतो. पण गुरुजींच्या मागण्या पाहिल्या, तर त्यांतील एकही भावनेवर उभी नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५० अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्यास राज्याला सांगतो. आणि भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असा संकेत जुनाच आहे. जमिनीच्या उताऱ्यावरील कन्नड नोंद कळत नाही म्हणून आजही म्हातारी माणसे कागद घेऊन गुरुजींच्या ओट्यावर येतात. गुरुजी तो वाचतात, अर्थ सांगतात, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने मराठीत दोन ओळी लिहून देतात.

शिक्षकांसाठी विधान परिषदेत वेगळी जागा असताना विधानसभेची ही उठाठेव कशाला, असे शहरातले परिचित त्यांना विचारतात. कर्नाटकाच्या ७५ सदस्यांच्या विधान परिषदेत ७ जागा शिक्षक मतदारसंघांच्या आहेत, हे खरे आहे. मात्र त्या मतदारयादीत नाव येण्यासाठी माध्यमिक किंवा त्यावरच्या संस्थेत, मागील सहा वर्षांत एकूण तीन वर्षे शिकवलेले असावे लागते. प्राथमिक शिक्षक त्यात बसतच नाही. छत्तीस वर्षे खडू हातात धरलेल्या या माणसाला शिक्षकांचा प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार एक दिवसही नव्हता, आणि गंमत अशी की तेथून उभे राहण्यासाठी उमेदवार स्वतः शिक्षक असण्याची अट कायद्यात नाही.

विधानसभेचे गणित सोपे नाही. एके काळी समितीचा बालेकिल्ला असलेल्या खानापुरात २००८ मध्ये भाजप, २०१३ मध्ये समिती, २०१८ मध्ये काँग्रेस आणि २०२३ मध्ये पुन्हा भाजप निवडून आला. २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत बेळगाव जिल्ह्याच्या अठरापैकी एकाही मतदारसंघात समितीला यश मिळाले नाही. मते संपली म्हणावीत, तर २०२१ च्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीत समितीच्या उमेदवाराला एक लाखाहून अधिक मते पडली होती. दुफळी हे कारण सगळे सांगतात. समितीने दुसऱ्याला उमेदवारी दिली तर तुम्ही अपक्ष उभे राहाल का, हा प्रश्न आम्ही तीन वेळा विचारला. दोनदा त्यांनी चहा घ्या म्हणून सांगितले. तिसऱ्यांदा म्हणाले, एका वर्गाला दोन मॉनिटर नेमले की काय होते, हे मी छत्तीस वर्षे पाहिले आहे.

पैशाविषयी ते फारसे बोलत नाहीत. उमेदवाराला ४० लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो, ही मर्यादा त्यांना दुसऱ्या कुणाच्या जगातली वाटते. अनामत १०,००० रुपयांची आहे आणि ती वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते मिळवावी लागतात. हा अपूर्णांक ते बोटांवर मोजून दाखवतात.

(पडद्यावर: रात्र. कंदिलासारखा पिवळा दिवा, टेबलावर मतदारयादी आणि लाल पेन.)

समिती मान्यताप्राप्त पक्ष नाही, त्यामुळे तिच्या उमेदवाराला अपक्षाप्रमाणेच अर्जावर दहा सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवून सही करणारी माणसे, द्यावे लागतात आणि ते सगळे याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. गुरुजी मतदारयादीची पाने उलटतात आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या नावांखाली लाल रेघ ओढतात. रेघांनी भरलेल्या पानांकडे पाहून आम्हाला ती मते वाटली, तेव्हा त्यांनी लगेच दुरुस्ती केली: यातला हा भाजपचा बूथप्रमुख आहे, ही काँग्रेसची ग्रामपंचायत सदस्य आहे, आणि हा मला रस्त्यात वाकून नमस्कार करतो पण मत कुणाला देतो ते मी कधी विचारलेले नाही.

सूचकांची यादी त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर केली आहे. एक कंडक्टर, एक काजूचा व्यापारी, खानापूरच्या वीटभट्टीवरचा मुकादम, आशा कार्यकर्ती, दोन शेतकरी, गोव्याहून परत आलेला वायरमन, एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या देखरेख समितीची, माजी अध्यक्षा आणि पहिल्या तुकडीतील एक आजोबा झालेला विद्यार्थी. अशी नऊ नावे आहेत. दहाव्या ओळीवर त्यांना शेजारच्या कन्नड शाळेतून निवृत्त झालेल्या आपल्या सहकाऱ्याचे नाव हवे आहे. दोघांनी अनेक निवडणुकांत एकाच केंद्रावर काम केले आणि एकाच डब्यातली भाकरी खाल्ली. त्यांना विचारले का, असे आम्ही म्हणालो. अजून नाही, असे गुरुजी म्हणाले. त्यांनी हो म्हटले तर त्यांच्या गल्लीत त्यांना त्रास, नाही म्हटले तर आमच्या दोघांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाच्या गाडीने ते त्या सहकाऱ्याच्या गावाला निघाले. पिशवीत वही होती, आणि वर घरच्या नाचणीच्या पिठाची पुडी होती. कॅमेरा सोबत नेण्यास त्यांनी नकार दिला.