‘तुमचं मूल जरा वेगळं आहे’ असं शाळा म्हणते तेव्हा

पालकसभा संपत आली की बाई हळूच म्हणतात, ‘तुम्ही जरा थांबाल का?’ मग बाकीचे पालक बाहेर पडेपर्यंत आईबापांच्या मनात काय काय येऊन जातं, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. त्यानंतर ऐकू येतं, ‘हुशार आहे हो, पण कुणात मिसळत नाही.’ ‘आपल्याच तंद्रीत असते.’ ‘एकच विषय धरून बसतो.’ घरी पोहोचेपर्यंत बहुतेकांचा निकाल लागलेला असतो. एक तर या शाळेला काही कळत नाही, नाहीतर आपल्या मुलात मोठा दोष आहे. माझं म्हणणं असं आहे की हा निकाल थोडा लांबवा. शाळेने दिलेलं विशेषण बाजूला ठेवा आणि त्यामागचा प्रसंग मागून घ्या.

‘हट्टी’, ‘विचित्र’, ‘लक्षच नसतं’ या शब्दांवर बाईंनाही काही करता येत नाही आणि तुम्हालाही. म्हणून विचारा, नेमकं काय केलं? कोणत्या तासाला? त्याच्या आधी वर्गात काय चाललं होतं? नंतर काय झालं? सूर मात्र उलटतपासणीचा नको. तुमच्याकडे नसलेली एक गोष्ट बाईंकडे असते. त्याच वयाची वर्गभर मुलं त्या रोज शेजारी शेजारी बघत असतात. घरात एकुलतं एक मूल असेल, तर त्याचं वागणं आपल्या इतकं अंगवळणी पडतं की काही वेगळं आहे हे दिसतच नाही.

मी शाळांमध्ये समुपदेशनाचं काम करते. दुसरीतल्या एका मुलाबद्दल तक्रार होती, ‘जागेवर बसत नाही, सांगितलेलं ऐकत नाही.’ मी मागच्या बाकावर जाऊन बसले. मुलगा अगदी शांत लिहीत होता. मधल्या सुट्टीला थोडा वेळ राहिला तसं त्याचं लक्ष घड्याळाकडे जायला लागलं. पेन्सिल खाली ठेवली, दप्तराचा पट्टा मनगटाला गुंडाळला आणि घंटेच्या आधी तो बाकाखाली गेला, दोन्ही कानांवर हात. घंटेचा कर्णा त्याच्या बाकाच्या बरोबर वर होता. त्याला घड्याळ वाचता येत होतं, म्हणून तो वेळेआधी तयारी करत होता. दुसऱ्या दिवशी त्याची जागा खोलीच्या दुसऱ्या टोकाला हलवली, घंटेच्या वेळी कान झाकायची मुभा दिली, आणि बाकाखाली जाणं थोड्याच दिवसांत बंद झालं.

शाळेच्या दृष्टीने प्रश्न सुटला, पण त्या मुलाचा सुटला नव्हता. सुट्टीत तो मैदानाच्या कडेला उभा राहून इतरांचा खेळ बघायचा. मला वाटलं, त्याला एकटं राहायला आवडत असेल. विचारल्यावर म्हणाला, ‘मला घ्या असं कधी म्हणायचं ते कळत नाही.’ खरी मदत इथे हवी होती आणि याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती, कारण कडेला उभं राहणारं मूल कुणाला त्रास देत नाही. त्रास वर्गाला होतोय की मुलाला, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. एखादी मुलगी सगळ्या ग्रहांचे चंद्र तोंडपाठ म्हणत असेल, तर म्हणू दे. त्यावर उपचार लागत नाही. तिची झोप, शिकणं, मैत्री किंवा रोजचे व्यवहार अडत असतील, ती कष्टी असेल, तर थांबू नका. मुलींच्या बाबतीत जास्त सावध राहा. पुष्कळ मुली इतरांचं बघून बघून दिवसभर निभावून नेतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शाळा म्हणते ‘गुणी आहे’, घरी रडारड, आणि दोघांनाही दुसरी बाजू दिसत नाही.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञांनी 1956 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मुलांच्या स्वभावाचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तान्ह्या वयापासून त्याच मुलांकडे ते वर्षानुवर्षं बघत राहिले. अडचण नुसत्या स्वभावात नसते, स्वभाव आणि भोवतालच्या अपेक्षा यांच्या जुळणीत असते, असं त्यांना दिसलं. मला हे रोजच्या कामात पटतं. दोघांपैकी कुणाला तरी सरकावं लागतं, आणि ते प्रत्येक वेळी मुलानेच का करावं?

वयही बघा. 2018 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अनेक राज्यांत शाळाप्रवेशासाठी 1 सप्टेंबर ही तारीख धरतात, त्यामुळे ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं वर्गात सगळ्यात लहान असतात. सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा त्यांच्यात अतिचंचलतेचं (एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सतत चुळबुळ) निदान 34 टक्क्यांनी जास्त आढळलं. सात-आठ वर्षांच्या वयात एका वर्षाचं अंतर फार मोठं असतं.

आता डॉक्टरांकडे कधी जायचं? बोलता येणारे शब्द किंवा आलेली कौशल्यं मूल गमावत असेल, तर लगेच. एरवी आधी कान आणि डोळे तपासून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं की लहान मुलांना कधी नीट ऐकू येतं, कधी नाही, आणि आपण म्हणतो मुद्दाम दुर्लक्ष करतो. घोरणाऱ्या मुलाची झोप अर्धवट होते, मग दिवसा ते पेंगण्याऐवजी चुळबुळतं. बोलता बोलता काही सेकंद नजर स्थिर होत असेल, हाक मारून, हात लावूनही उत्तर येत नसेल, तर तिला तंद्री म्हणून सोडू नका. तो अपस्माराचा, म्हणजे फिट येण्याचा, एक प्रकार असू शकतो. अतिचंचलतेचं निदानही एका बाईंच्या सांगण्यावरून होत नाही. लक्षणं बारा वर्षांच्या आधी दिसलेली हवीत, किमान सहा महिने टिकलेली हवीत आणि घर-शाळा अशा किमान दोन ठिकाणी हवीत.

‘मोठा झाला की सुधारेल’ असं सांगणारे नातेवाईक प्रेमाने सांगतात, पण त्यात मुलाची वर्षं जातात. शिक्का बसेल ही भीती मला समजते. तरीही ‘आळशी’ आणि ‘आगाऊ’ हे शिक्के वर्गात आधीच बसलेले असतात, आणि त्यांच्यासोबत कसलीही मदत येत नाही.

बाईंना पुन्हा भेटायला जाताना एकच बदल मागा. जागा बदलणं, सूचना एकेक करून देणं, असं काहीही. महिन्याभराने बघायचं ठरवा आणि ठरलेलं कागदावर लिहून घ्या. पुढच्या वर्षी नव्या बाई येतील, तेव्हा हाच कागद त्यांच्या हातात द्या.

आणि हे सगळं चालू असताना मूल शेजारच्या खोलीत असतं, हे धरून चला. आपल्याविषयी फोनवर काय बोललं जातं ते त्याला ऐकू येतं. त्यापेक्षा त्यालाच सांगा की मी बाईंना भेटायला चालले आहे, तुला शाळेत सोपं जावं म्हणून. ‘शाळा कशी होती?’ याला मुलं ‘बरी’ म्हणतात आणि विषय संपतो. वर्गाचा नकाशा काढायला सांगा. कुठे बसायला आवडतं, कुठे नको वाटतं, कोणती वेळ सगळ्यात जड जाते, हे त्यावर दाखवायला सांगा. तो नकाशा भेटीला सोबत न्या, आणि त्यावर बाई काय म्हणाल्या ते संध्याकाळी त्याला सांगा.