एका कोयत्यात दोन माणसं

नमस्कार श्रोतेहो. दिवाळी सरली की कोल्हापूरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात, आणि त्यांच्यामागं अडकून शिव्या घालणारे आपण. मळ्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या खोप्या मात्र कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. गेल्या हंगामात वर्गातली 12 मुलं घेऊन शिये रस्त्याकडच्या एका उसाच्या फडावर तोडकऱ्यांची पाहणी करायला गेलो. फिल्ड प्रोजेक्टचे मार्क पदरात पडावेत एवढाच हेतू होता, खोटं कशाला बोलू? संध्याकाळी मुलांनी बेरीज मांडली: टोळीत 14 कोयते, म्हणजे कामगार 14. वर्गात कायम मागच्या बाकावर बसणारी एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, 28."

कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. राबतात दोघं, मोजतात एक. टोळी आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो तीही जोडीला मिळून, आणि बहुतेकदा नवऱ्याच्याच हातात. पोरीला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिचे आईबाप बीडच्या पाटोदा तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला येतात. दोन वर्षं ती आमच्या वर्गात होती, हॉस्टेलवर राहत होती, कुणाला पत्ता नव्हता.

मला अमेरिकेतली मुलं आठवली. लहानपणी आईबापांबरोबर कागदपत्रांविना तिकडं गेलेली, तिथंच शिकलेली. मार्च 2010 मध्ये शिकागोत त्यांच्यातले काही विद्यार्थी लोकांपुढं उभे राहिले आणि आपल्याकडं कागद नाहीत हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं. हद्दपारीची टांगती तलवार असताना! त्यांना कायमचा हक्क देणारं विधेयक 2001 मध्ये पहिल्यांदा मांडलं गेलं, त्याचा कायदा अजून झालेला नाही. पण जून 2012 मध्ये ओबामा सरकारनं अशा तरुणांना हद्दपारीपासून तात्पुरती सूट आणि कामाचा परवाना देऊ केला. मग अर्ज भरून द्यायची शिबिरं लागली. कायदा शिकणारी मुलं तिथं लोकांचे कागद लावत बसली.

बीडचा माणूस कोल्हापुरात परदेशी नाही, तेव्हा ही तुलना फार ताणू नये. तरी गंमत बघा. स्थलांतरित कामगारांसाठी केंद्रानं 1979 मध्ये कायदा केला, 2025 पर्यंत तो लागू होता, पण राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता. बीडहून बेळगावला गेलात तर तुम्ही त्याच्या व्याख्येत बसू शकत होता, हद्दीच्या अलीकडं कोल्हापुरात थांबलात तर नाही. ऊस तोच, कोयता तोच.

आम्ही पाहणीचा फॉर्म बदलला. कोयत्याला दोन ओळी केल्या, बाईची वेगळी. दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा एका बाईनं कागद हातात घेतला आणि विचारलं, "ह्याच्यात मपलं नाव कुठंय?" ओळ दाखवली. तिनं कागद परत दिला आणि म्हणाली, "बरं. मग आता रेशनचं बघा."

रेशनकार्ड गावाकडं सासूजवळ, इथं पिठाला रोकडे पैसे. खरं तर कार्डाचा नंबर आणि जोडलेलं आधार असलं की कुठल्याही रास्त भाव दुकानात धान्य मिळतं. आपल्या वाट्याचं थोडं इथं उचलायचं, म्हाताऱ्यांचं तिथं ठेवायचं, हेही चालतं. हे टोळीत कुणालाच माहीत नव्हतं. आणि सांगतो, मलाही नव्हतं. शोधून काढलं ते मुलांनी.

दुकानदार आधी म्हणाला, "हे आमच्याकडचं कार्ड न्हाई." मुलांनी वाद घातला नाही, नंबर टाकून बघा म्हणाली. नाव आलं, पण बाईचा अंगठा मशीन घेईना. कोयता धरून धरून रेषाच झिजलेल्या. पाटोद्याच्या पोरीनं तिचा हात धुतला, पदरानं पुसला, दुसरं बोट ठेवायला लावलं. चौथ्या खेपेला पावती निघाली.

टोळीतली 11 कार्डं अजून राहिलीत. या शनिवारी पुन्हा जाणार आहोत, दुकान नऊला उघडतं.