आधी पेशंट बघा, मग दवाखाना

श्रोतेहो, नमस्कार. दवाखान्यात किती माणसं दगावली, एवढ्या एका आकड्यावर दवाखान्याची परीक्षा करू नका. आज मला सांगायचंय ते एवढंच. आकडा खोटा नसतो, अर्धा असतो.

आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक अक्का, विड्या वळणाऱ्या. मालकांच्या पित्ताशयात खडे झाले. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून घ्या. झालं, घरात ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळा दवाखाना. भावजय म्हणाली, "कुठंबी न्या, सिव्हिलला नको. तिथं माणसं मरतात." अक्कांनी कुणाशी वाद घातला नाही. विड्यांचं सूप बाजूला सारलं, सरळ सिव्हिल चौक गाठला आणि तिथल्या एका रिक्षावाल्याला विचारलं, "भाऊ, इथं आणलेली किती माणसं आपल्या पायानं घरी जातात?"

रिक्षावाला म्हणाला, "अक्का, आधी इथं येतंय कोण ते बघा की! अक्कलकोट, सांगोला, मंगळवेढा, कुठल्याबी डॉक्टरनं हात टेकले की रात्री दोनला गाडी इथंच. पार कर्नाटकातनं येतेत. खासगीत पैसे संपले की तिथनंबी इथंच. निम्मा जीव गेलेलं माणूस आणायचं, अन् गेलं की नाव सिव्हिलचं! तुमच्या मालकांना नुसते खडे हायेत न्हवं? मग खड्यांची माणसं तेवढी मोजा. बाकीची धरू नका."

अक्का वॉर्डाबाहेर बसलेल्या बायकांमध्ये जाऊन बसल्या. प्रत्येकीला एकच प्रश्न, "तुमच्या पेशंटला खडेच होते न्हवं?" हो म्हणेल तिचीच हकीकत ऐकायची. दुपारपर्यंत निर्णय झाला. ऑपरेशन सिव्हिललाच झालं आणि आठवड्याच्या आत मालक घरी आले. (जाता जाता सांगतो, भेटायला गेलात तर पेशंटच्या खाटेवर बसू नका. आणि सात जणांनी मिळून शेंगाचटणी-भाकरीचा डबा तिथंच उघडायचा, ही कसली विचारपूस?)

अक्कांनी केलं तेच अर्थतज्ज्ञ करतात. दवाखाने ताडून बघायचे तर आधी पेशंट सारखे धरायचे. पेशंट सारखे, मग तुलना.

आणि ते धरूनही घोळ होतो. न्यूयॉर्क राज्यात १९९०च्या दशकात हृदयाच्या बायपासमध्ये कुठल्या दवाखान्यात, कुठल्या सर्जनच्या हाताखाली किती मृत्यू झाले ते जाहीर व्हायला लागलं. पेशंट किती गंभीर होता याचा हिशेबही त्यात धरलेला होता. पण कागदात न मावणारं पुष्कळ काही डॉक्टरला दिसतं. डेव्हिड ड्रॅनोव्ह हे अमेरिकन अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवून दिलं, की आकडा बिघडू नये म्हणून त्यातल्या त्यात धडधाकट पेशंट निवडले जायला लागले आणि जास्त आजारी होते त्यांचे हाल वाढले.

आता विम्याचं. आपल्या राज्य सरकारची मोफत उपचारांची जनआरोग्य योजना २०१२ साली जीवनदायी नावानं पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात सोलापूर होतं. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाख होते, आता पाच लाख आहेत. पण दवाखान्याला पाच लाख मिळत नाहीत. मिळतो तो त्या ऑपरेशनचा ठरलेला दर. ठरलेला दर, हे लक्षात ठेवा. चाळिशीचा ठणठणीत माणूस आणि साखर वाढलेली सत्तरीची आजी, दोघांचे खडे एकाच दरात. मग "आज बेड नाही" हे कुणाला ऐकायला मिळणार?

जास्त आजारी पेशंटला जास्त दर द्या, हा त्यावरचा एक उपाय. अमेरिकेत म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात १९८३पासून आजाराच्या गटाप्रमाणे दर ठरतो, आणि गुंतागुंतीच्या केसला जास्त पैसे. तिथं झालं काय, तर काही दवाखान्यांत पेशंट तेच राहिले आणि कागदावरचा आजार तेवढा वाढला.

नमस्कार.