जेट्टीवरचा तराजू आणि ओला वेटसूट

पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे आणि अंदमानातल्याच हॅवलॉक बेटाचं 2018 पासून स्वराज द्वीप. पण डायव्हिंगवाल्यांच्या तोंडी अजून जुनीच नावं आहेत, म्हणून मीही तीच घेतो. पुण्या-मुंबईहून डायव्हिंगला हॅवलॉकला निघालेल्या माणसाचं सामान दोनदा तपासलं जातं, एकदा विमानतळावर आणि मग फेरीबोटीच्या जेट्टीवर. विमानाबद्दल कोणी फारशी कुरकुर करत नाही. बहुतेक देशांतर्गत विमानांत 15 किलो चेक-इन आणि 7 किलो हातात, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. चिडचिड होते ती जेट्टीवर, जिथे सामानाला मर्यादा असते आणि ती ओलांडली की बॅग अडवतात किंवा जादा पैसे मागतात. तिथल्या तक्रारी मी बऱ्याच ऐकल्या आहेत. त्यातल्या साधारण निम्म्या रास्त आहेत. कुठल्या निम्म्या, ते आज बघू.

आधी आपल्याच बॅगेचं वजन करू. मधल्या दर्जाचा बीसीडी, म्हणजे पाण्यात वर-खाली राहायला हवा भरायचं जाकीट, साडेतीन किलो. टँकमधली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरचा पूर्ण संच, म्हणजे टँकवर बसणारी फर्स्ट स्टेज, तोंडाकडच्या दोन सेकंड स्टेज, होज (नळ्या) आणि गेज, तीन किलो. तीन मिलिमीटर जाडीचा अख्खा वेटसूट पावणेदोन-दोन किलो. मागून पट्टा असलेले फिन्स सव्वादोन, बूट पाऊण ते एक, मास्क आणि स्नॉर्कल अर्धा-पाऊण. एसएमबी (वर सोडायचा खुणेचा फुगा), त्याच्या दोरीचं रील, टॉर्च, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर मिळून आणखी एक किलो. सगळं सुकं असताना बेरीज तेराच्या आसपास जाते. यात शिसं आणि टँक धरलेले नाहीत, ते तिथे भाड्याने मिळतात. आता चाकांची मोठी डाइव्ह बॅग घ्या. ती रिकामीच चार किलो भरते. तीन किलो कपडे टाकले की वीस किलो झाले, आणि कॅमेरा अजून बाहेरच आहे. हाउसिंग (कॅमेऱ्याचं जलरोधक कवच), दोन स्ट्रोब (फ्लॅश) आणि ते धरायचे आर्म यांचे वेगळे पाच-सहा किलो धरा.

यातली सगळ्यात सोपी बचत सामानात नसून बॅगेत आहे. चाकांची बॅग सोडून साधी जाड कापडी डफल घेतली तर तीन किलो लगेच सुटतात. चाकं विमानतळाच्या फरशीवर चालतात. जेट्टीच्या उंचसखल काँक्रीटवर आणि फेरीत चढायच्या हलत्या फळीवर बॅग उचलूनच न्यावी लागते.

आता फेरीवाल्यांच्या बाजूने बघू, कारण सामानाच्या मर्यादेमागे कारण आहे. हॅवलॉकला जाणाऱ्या खासगी फेरीबोटींपैकी बऱ्याच हलक्या, वेगवान कॅटामरान आहेत. दोन अरुंद तळ पाणी कापत जातात, म्हणून वेग मिळतो. पण अरुंद तळाची बोट वजन वाढलं की रुंद तळाच्या बोटीपेक्षा लवकर खाली बसते, ओढ वाढते आणि डिझेल जास्त जळतं. बोटीच्या स्थिरतेचा हिशेब करताना आंतरराष्ट्रीय नियमांत माणशी साधारण 75 किलो धरतात आणि सामानाचं वजन व जागा वेगळी ठरवतात. दोनशे प्रवाशांनी प्रत्येकी दहा किलो जादा आणले तर दोन टन होतात. ते दोन टन वरच्या किंवा मागच्या डेकवर रचले तर बोटीचा तोल आणि तिची पुढे-मागे झुकण्याची ठेवण, दोन्ही बदलतात.

पण डायव्हरचं म्हणणंही खोटं नाही. वीस डायव्हर मिळून दहा-दहा किलो जादा आणतील तर दोनशे किलो, म्हणजे दोन-तीन प्रवासी. त्याने बोट बुडत नाही. म्हणून ‘सुरक्षेसाठी’ असं एका शब्दात उत्तर मिळालं की आपल्याला राग येतो. खरा प्रश्न बहुतेक वेळा जागेचा आणि वेळेचा असतो. बोट धक्क्याला थोडाच वेळ थांबते. तेवढ्यात मोजकी माणसं दीड-दोनशे नग चढवतात. बंद वातानुकूलित केबिनमध्ये दोन रांगांच्या मधल्या वाटेत लांब फिन्सची बॅग आडवी पडली, तर आणीबाणीत बाहेर पडायचा रस्ताच अडतो. या कारणासाठी कोणी बॅग बाहेर ठेवायला लावली तर वाद घालू नये, तो माणूस बरोबर असतो.

आता मुख्य भानगड, सिलिंडरची. काउंटरवर ‘स्कूबा’ हा शब्द निघाला की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘सिलिंडर आहे का?’ विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर स्वयंपाकघरातला लाल सिलिंडर असतो. हवेने भरलेला डायव्हिंगचा टँक जळत नाही, पण निरुपद्रवीही नाही. 11.1 लिटरचा ॲल्युमिनियम टँक 200 बार दाबाला भरला की त्यात साधारण 2200 लिटर हवा असते. त्या हवेचं वजनच पावणेतीन किलोच्या आसपास भरतं आणि रिकामा टँक सुमारे चौदा किलोचा. डेकवर तो सुटून गडगडला आणि व्हॉल्व्ह कशावर तरी आदळून तुटला, तर त्याचं पुढे काय होईल ते सांगता येत नाही. समुद्री वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत दाबलेली हवा यूएन 1002 या क्रमांकाने, न जळणाऱ्या वायूंच्या वर्ग 2.2 मध्ये येते. आपल्याकडे सिलिंडरांचा कारभार 2016 च्या गॅस सिलिंडर नियमांनुसार चालतो आणि तो बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

‘रिकामा आहे हो’ या वाक्याचा जेट्टीवर काहीच उपयोग होत नाही. बंद व्हॉल्व्हच्या मागे शून्य बार आहे की दोनशे, हे एक्स-रेवाल्याला कळत नाही. पटण्यासारखा पुरावा एकच, व्हॉल्व्ह काढलेला टँक. पण व्हॉल्व्ह काढला की आत दमट हवा जाते. अंदमानच्या हवेत ती आत बंद करून ठेवायची आणि मग पुन्हा तपासणी, पुन्हा नवी ओ-रिंग (रबरी कडी), असा खटाटोप होतो. तो करू नका. हॅवलॉकच्या डाइव्ह सेंटरांवर कॉम्प्रेसर आहेत, टँक तिथेच भरतात. हाच नियम लहान पोनी बाटलीलाही, म्हणजे राखीव हवेच्या छोट्या टँकलाही, लागतो. तीन लिटरची असली तरी 200 बारला तिच्यात 600 लिटर हवा मावते. बॅगेत ती सापडली तर मागे राहणार, कोणी कितीही हुज्जत घातली तरी.

एका सिलिंडरबद्दल मात्र लोक विचार करत नाहीत, आणि तो महत्त्वाचा आहे: ऑक्सिजन. अनुभवी गट आणीबाणीसाठी स्वतःचा ऑक्सिजन संच बाळगतात. कायद्याच्या दृष्टीने तो हवेच्या टँकपेक्षा जास्त धोकादायक माल आहे, यूएन 1072. वर्ग तोच 2.2, पण आग भडकवणारा म्हणून त्यावर 5.1 चा दुसरा शिक्काही असतो. तो फेरीत न घेणं रास्तच आहे. म्हणून तो नेण्याचा हट्ट सोडा आणि बुकिंग करतानाच डाइव्ह सेंटरला विचारा: प्रत्येक डाइव्ह बोटीवर ऑक्सिजन असतो का, सिलिंडर किती लिटरचा आहे, गेजवर आकडा किती आहे, मास्क कुठल्या प्रकारचा आहे. ‘हो, हो, आहे ना’ एवढंच उत्तर आलं तर फोटो मागा. आपला मास्क आणि नळी बॅगेत न्यायला काहीच हरकत नाही.

चाकू. विमानातही हातात चालत नाही आणि जेट्टीच्या एक्स-रेलाही तो दिसतोच. मोठ्या बॅगेत टाका. खरं तर पाण्याखाली मासेमारीची दोरी कापायला लाइन कटर किंवा जाड कात्री जास्त कामाची, आणि तिच्याबद्दल प्रश्नही कमी विचारतात.

बॅटऱ्यांचा नियम विमानात स्पष्ट आहे: सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, टोकांवर टेप. 100 वॉट-तासांपर्यंत सहसा अडचण नाही, 100 ते 160 च्या मध्ये एअरलाइनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन. फार प्रखर डाइव्ह टॉर्च असेल तर बॅटरी काढून ठेवायची, कारण तो बॅगेत चुकून चालू झाला तर कपडे पेटू शकतात. फेरीवर इतके बारीक नियम सहसा कोणी वाचून दाखवत नाही, तरी तीच शिस्त ठेवा. बोटवाले बॅटरीला का घाबरतात तेही समजून घ्या. 2 सप्टेंबर 2019 रोजी कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ ही डाइव्ह बोट जळाली आणि 34 माणसं गेली. आग नेमकी कशाने लागली ते निश्चित ठरवता आलं नाही, पण चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांबद्दलचा संशय तेव्हापासून गेलेला नाही.

आता सगळ्यात मोठ्या चुकीकडे येतो. लोक जातानाची बॅग मोजतात, येतानाची नाही. जाताना वीस किलो असलेली बॅग येताना तेवीस कशी होते? समुद्रातून काढलेला वेटसूट नुसता निथळून बॅगेत कोंबला तर दीड किलो पाणी धरतो. बूट अर्धा किलो. बीसीडीच्या कापडात, पट्ट्यांत आणि मुख्य म्हणजे आतल्या पिशवीत मिळून किलोभर. या ओझ्याचे पैसे आपण भरतो, आणि वर मिठाच्या पाण्याचा ओघळ दुसऱ्याच्या सुटकेसवर सोडतो. ओल्या बॅगा वेगळ्या ठेवायचा किंवा नाकारायचा नियम यातूनच येतो.

यावर उपाय असा. विमानात बसण्याआधी शेवटच्या डाइव्हनंतर थांबावंच लागतं. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान 12 तास, रोज अनेक डाइव्ह केले असतील तर किमान 18, डीकॉम्प्रेशन, म्हणजे वर येताना सक्तीचे थांबे, केलं असेल तर त्याहून बरंच जास्त. आपण मधल्या गटात मोडतो. म्हणजे शेवटचा डाइव्ह सकाळी संपवला तर दुपार आणि रात्र सुकवायला मिळते. बीसीडीत नळीतून गोडं पाणी भरा, हलवा, उलटा धरून खालच्या डंप व्हॉल्व्हमधून (हवा-पाणी सोडायच्या झडपेतून) सोडा, असं दोनदा. मग तोंडाने अर्धा फुगवून टांगा आणि तासाभराने पुन्हा उलटा करा. पहिल्यांदा निघालं नाही तेवढं पाणी आता निघतं. वेटसूट खांद्यांवर टांगू नका. बारीक हँगर असेल तर ओल्या सुटाच्या वजनाने खांदे ताणले जातात. कमरेत दुमडून जाड दांडीवर टाका, आधी आतली बाजू बाहेर, आणि सावलीत. घाई असेल तर कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर पाय देऊन दाबा, अर्धं पाणी टॉवेलात जातं. रेग्युलेटर धुताना फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप कोरडी करून घट्ट लावा. दाब नसताना पाण्याखाली सेकंड स्टेजवरचं पर्ज बटण दाबू नका, पाणी थेट फर्स्ट स्टेजकडे जातं.

भरताना फिन्स बॅगेच्या दोन बाजूंना उभे ठेवा, ते भिंतीचं काम करतात. मास्क त्याच्या डबीत घालून बीसीडीच्या घडीत. रेग्युलेटर शक्यतो हातात, होजचा घेर ताटाएवढा, त्याहून लहान नको. टोकाशी होज काटकोनात वाकला की तिथेच पुढे चीर पडते. डेकवर उन्हात रचलेल्या ढिगाच्या तळाशी आपली बॅग जाणार आहे, असं धरूनच भरा.

मग रास्त तक्रार उरते कुठली? मर्यादा असण्याबद्दल माझी तक्रार नाही. ती कंपनीगणिक वेगळी आहे, कुठे किलोत आहे, कुठे नगांत, आणि खेळाच्या सामानाबद्दल तिकिटावर बहुधा एक ओळही नसते. त्यामुळे एकाच बॅगेला सोमवारी हो आणि गुरुवारी नाही. यात कर्मचाऱ्याचा दोष कमी, नियम लिहिणाऱ्याचा जास्त. ‘डायव्हिंगचं सामान, सिलिंडरशिवाय, सुकं, एक नग’ एवढं छापलं तरी जेट्टीवरचे निम्मे वाद संपतील. तोवर आपण लिहून न्यायचं. बुकिंगनंतर कंपनीला ईमेल करा: किती डायव्हर, किती बॅगा, प्रत्येकीचं वजन, आणि ‘यात सिलिंडर किंवा दाबलेला वायू नाही’ हे वाक्य. आलेल्या उत्तराची छापील प्रत जवळ ठेवा, जेट्टीवर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. गटाचं बुकिंग एकत्र केलंत तर सगळ्यांचं वजन मिळून धरा असं म्हणायला जागा राहते. जादा सामानासाठी सुटे पैसे ठेवा.

तारकर्ली-मालवणला जाणाऱ्यांना हे सगळं परकं वाटेल. तिथे सामान आपल्या गाडीच्या डिकीतून किनाऱ्यापर्यंत जातं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोमध्येही गाडीच बोटीत चढते, मग तराजूचा प्रश्नच येत नाही.

एक चिठ्ठी आली आहे: फिन्स आणि बीसीडी यातलं एकच न्यायचं तर काय न्यावं? फिन्स. बीसीडी भाड्याने सगळ्या मापांत मिळतो आणि ठेवून गेलात तर साडेतीन किलो वाचतात. फिन्स मात्र आपल्या बुटांच्या मापाचेच लागतात, आणि हॅवलॉकजवळच्या डिक्सन्स पिनॅकल या डाइव्हच्या जागी प्रवाह असेल तर भाड्याच्या सैल फिन्समध्ये पोटरीत गोळे येतात. मास्क आणि कॉम्प्युटर कोणत्याही परिस्थितीत स्वतःचे, हातातल्या पिशवीत. आणि रेग्युलेटर डिन (टँकमध्ये आट्यांनी बसणारा) असेल तर योक (पकडीने बसणाऱ्या) जोडणीचा ॲडॉप्टर विसरू नका, तो दोन-तीनशे ग्रॅमचा असतो.