पाखंगबा: 120 वर्षं राज्य केलेला राजा

स्क्रीनवर हा शेपूट तोंडात धरून वेटोळं घातलेला नाग दिसतोय ना, याला बघून कुणीही म्हणेल देवाचं चित्र आहे, आणि आहेच, पण मणिपूरच्या मैतेई लोकांसाठी हाच त्यांचा पहिला राजा पण आहे. नोंगदा लाइरेन पाखंगबा. गादी कांगलाला, म्हणजे आत्ताच्या इंफाळच्या मधोमध.

तिथल्या दरबाराची एक बखर आहे, चैथारोल कुंबाबा, तिची सुरुवातच याच्यापासून होते. इसवी सन 33 ला गादीवर बसला आणि राज्य केलं तब्बल 120 वर्षं! काहीतरीच काय, असं वाटतं ना? पण थांबा. 1485 साली क्यांबा राजाने चैथाबा नावाची पद्धत सुरू केली, दरवर्षी एक माणूस निवडायचा, त्या वर्षाला त्याचंच नाव द्यायचं, आणि राजावर किंवा राज्यावर वर्षभरात जे काही पाप, संकट येईल ते सगळं त्या बिचाऱ्याने आपल्या माथ्यावर घ्यायचं. तिथून पुढे बखरीत सालं नीट लागतात. त्याआधीची मागाहून बसवलेली, त्यामुळे जुन्या राजांची वर्षं ताणली गेली असणार, मला तरी तसंच वाटतं.

सात सलाइ, म्हणजे सात कुळं, यानेच एकत्र केली असंही सांगतात, पण त्यातल्याच खुमान आणि लोकताक तलावाकाठचे मोइरांग या कुळांचे स्वतःचे राजे पुढे कित्येक शतकं होतेच, लढाया पण चालू होत्या. म्हणजे सुरुवात याने केली असेल, काम पुढच्यांनी निस्तरलं.

आणि हो, पोलो! पाखंगबा आणि राणी लाइस्ना यांच्या लग्नात सगोल कांगजेइ, म्हणजे मणिपुरी पोलो, खेळले अशी कथा आहे. छोटी मणिपुरी घोडी, दोन्हीकडे सात सात गडी, चेंडू बांबूच्या मुळाचा, आणि गोलपोस्ट नाहीच, चेंडू शेवटच्या रेषेपार गेला की गोल. चेंडू हातात झेलून घोडा दामटवला तरी चालतं, फक्त गोल काठीनेच मारायचा. 1850 च्या दशकात शेजारच्या आसामातल्या कछारमधल्या इंग्रजांनी हे मणिपुरी लोकांकडून उचललं, 1859 ला तिथल्याच सिल्चरमध्ये क्लब पण काढला, आणि टीव्हीवर दिसतो तो पोलो तिथूनच जगभर गेला, फक्त सातचे चार गडी झाले.