रजेच्या अर्जातलं कारण

(पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या तरुण संघापुढे झालेलं भाषण, थोडं संपादन करून)

जय ख्रिस्त. विषय ‘विरोधात धैर्य’ असा दिलाय, पण मी सुरुवात भित्रेपणापासून करणार आहे, आणि तोही माझ्याच.

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या कचेरीला गुड फ्रायडेची सुट्टी नसायची. रजेच्या अर्जात ‘कारण’ असा एक रकाना होता. त्यात मी लिहिलं, ‘घरगुती काम’. दुपारी बारा ते तीन आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, बसून येशूनं क्रुसावर उच्चारलेली सात वचनं ऐकली, डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी डबा खाताना मैत्रिणीनं विचारलं, “काय गं, लग्न होतं का कुणाचं?” मी म्हटलं, “हो, मावसबहिणीचं.” माझं आडनाव ऐकून कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. मी खोटं बोलले आणि भाजी वाढून घेतली. मला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी हात उगारला नव्हता. पुढेमागे कुणी ‘बाटगे’ म्हणेल, विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची ती जुनी गोष्ट काढून हसेल, एवढ्याच धास्तीनं मी प्रभूला ओळख दिली नाही.

येशूचा शिष्य पेत्र, त्याचंही असंच झालं. येशूला धरून नेलं त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्यात शिपाई कोळशांचा विस्तव करून शेकत उभे होते, पेत्रही त्यांच्यात उभा होता. ‘तू त्याच्या शिष्यांपैकी ना?’ असं त्याला विचारणारी कोण, तर एक दासी. हातात तलवार नाही, अधिकार नाही. आणि ज्यानं काही तासांपूर्वी ‘तुझ्यासाठी मरायलाही तयार आहे’ म्हणून येशूला सांगितलं होतं, तो तिच्यापुढे ढेपाळला, ‘मी नाही’ म्हणाला. निश्चय कमी होता म्हणून नव्हे. निश्चय भरपूर होता, तो फक्त स्वतःच्या जिवावर केलेला होता. म्हणून तुम्हाला ‘आजपासून धीट व्हा’ असं सांगून मी घरी पाठवणार नाही. त्यानं काही होत नाही.

आता जरा आपल्या पुण्याकडे बघू. गुरुवार पेठेतलं पंचहौद तुम्हाला माहीत आहे. १८९० साली तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली होती, न्यायमूर्ती रानडे आणि बाळ गंगाधर टिळक त्यांच्यात होते. तिथे चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोश्यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. बहिष्कार, प्रायश्चित्त, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण. एका कपभर चहासाठी! मग ज्यांनी बाप्तिस्मा घेतला त्यांच्या घरी काय झालं असेल, याचा विचार करा.

त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आलं. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झालेला. सदनात बालविधवा शिकायच्या, आणि तिथे धर्माची सक्ती करायची नाही, हे ठरलेलं होतं. रमाबाईंनी ते पाळलं. मुली आपापले आचार सांभाळून राहत होत्या. पण रमाबाई आपल्या खोलीत मुलगी मनोरमेबरोबर पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचत, प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे. कुणी मुलगी आपणहून येऊन बसली तर तिला उठवत नसत. हरकत आली ती या उघड्या दारावर. ‘केसरी’तून टीकेची झोड उठली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या.

रमाबाईंनी दार लावलं असतं तर किती सोपं झालं असतं! कडी घातली असती तर सगळं शांत झालं असतं. त्यांनी कडी घातली नाही आणि कुणाला हाताला धरून आतही ओढलं नाही. धैर्य म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे ही खोली येते. आपल्यातल्या काहींना वाटतं, शेजाऱ्याच्या देवाला नावं ठेवली, चौकात आवाज चढवला म्हणजे साक्ष दिली. मला हे अजिबात मान्य नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमानं आपल्याला श्रद्धा बाळगण्याचा, ती आचरण्याचा, तिचा प्रसार करण्याचा हक्क दिलाय. तोच हक्क समोरच्यालाही दिलाय. आणि खरोखर कुणी अंगावर धावून आलं तर एकट्यानं हुतात्मा व्हायला जाऊ नका. मंडळीला सांगा, वकिलाला सांगा, पोलिसांत रीतसर तक्रार द्या.

रमाबाई आपल्या ख्रिस्ती हितचिंतकांपुढेही वाकल्या नाहीत, हे आपण सोयीनं विसरतो. इंग्लंडमधल्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशी त्या पत्रांतून वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड टाकलं ते दुसऱ्याचं घ्यायला नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहून ठेवलंय. पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुली आणल्या, हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर केलं. शेवटपर्यंत मुद्रितं तपासत होत्या. १९२२ साली गेल्या.

मग हे बळ येतं कुठून? पुन्हा पेत्राकडे जाऊ. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा पेटलाय. एकदा त्या वाड्यात, आणि एकदा पुनरुत्थानानंतर समुद्रकिनारी. त्यावर मासळी ठेवलेली, जवळ भाकर. प्रभू आधी जेवायला बोलावतो. मग तीनदा नाकारणाऱ्याला तीनदाच विचारतो, “माझ्यावर प्रीती करतोस काय?” ‘का पळालास’ हा प्रश्न एकदाही नाही. पुढे हाच पेत्र यहुदी न्यायसभेसमोर ठाम उभा राहतो. धमकी देऊन सोडल्यावर तो आणि सोबतचा शिष्य योहान सरळ आपल्या माणसांत येतात, आणि सगळे मिळून प्रार्थना करतात. त्या प्रार्थनेत ‘धमक्या बंद कर’ असं मागणं नाही. बोलायला धैर्य दे, असं आहे. माफी मिळालेला माणूस आणि सोबत प्रार्थना करणारी चार माणसं. मला तरी याखेरीज दुसरा झरा सापडलेला नाही.

मी माझं खोटं आमच्या महिला मंडळात सांगितलं, वर्षभरानं. एक आजी नुसत्या म्हणाल्या, “माझंही असंच झालं होतं गं,” आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. पुढच्या गुड फ्रायडेला त्या रकान्यात मी लिहिलं, ‘गुड फ्रायडेची उपासना’. लिहिताना हात घामेजला होता. डब्याच्या वेळी मैत्रिणीलाही मावसबहिणीच्या लग्नाचं खरं सांगितलं. शेजारी बसलेल्या एकीनं त्या दिवसापासून माझ्या डब्यातलं घेणं सोडलं. वाईट वाटलं, अजून वाटतं. मैत्रीण मात्र बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बारा ते तीन? एवढा वेळ काय सांगतात गं?” मी डब्याचं झाकण लावलं आणि पहिल्या वचनापासून सांगायला लागले.