तेच पाणी

मंडळी, 'जीवनात आणि श्रद्धेत गोष्टी उलट कशा होतात' असा आजचा विषय. पेणला बसून त्यासाठी पोथी उघडायची गरज नाही. एका अंगाला खाडीकाठची खारी शेतजमीन, म्हणजे खारभूमी, दुसऱ्या अंगाला गणपतीचे कारखाने, आणि दोन्हीकडे खेळ पाण्याचाच.

आधी उघाडी बघू. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालतात आणि पावसाचं पाणी बाहेर जायला त्यात उघाडी ठेवतात. तिची झडप फक्त खाडीच्या बाजूला उघडते. ओहोटीला आतलं पाणी उंचावर असतं, ते झडप ढकलून निघून जातं. भरती चढली की खाडीचंच पाणी झडप दाबून धरतं. समुद्राला बाहेर ठेवायचं काम समुद्रच करतो. पण झडपेत ओंडका अडकला, किंवा मासे आत यावेत म्हणून कोणी रात्री ती टेकू देऊन उघडी ठेवली, की पाणी काढायची वाट पाणी घ्यायची होते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अशी एक भरतीही वर्षाचं पीक घालवायला पुरते. बांधाचंही तसंच. खेकड्याच्या बिळातून आधी नुसता पाझर दिसतो. तो त्याच ओहोटीला चिखल ठोकून बुजवला तर ठीक, नाहीतर माती आतून वाहत जाते आणि खांड पडते, म्हणजे बांधच फुटतो.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. ते शेतात शिरलं की भाताचं रोप पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं. बाहेर क्षार जास्त झाल्यामुळे मुळांना पाणी ओढता येत नाही. पानांची टोकं करपलेली दिसली की माणसं औषध फवारायला धावतात. तो रोग नव्हेच.

उतारा पुन्हा पाण्याचाच, फक्त गोड्या. जूनचा पाऊस शेतात कोंडायचा, दोन-चार दिवस मुरू द्यायचा, ओहोटी साधून सोडायचा, पुन्हा भरायचा. असं काही वेळा झालं की वरच्या थरातला खार उतरतो. मग मोड आलेलं बी रहू पद्धतीनं, म्हणजे थेट शेतात, फेकायचं किंवा रोपं लावायची. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं दिलेल्या पनवेल-1, पनवेल-2 यांसारख्या जाती इथे तग धरतात. चुकतं ते पुढे. श्रावणात पावसानं दडी मारली आणि शेतातलं पाणी सुटलं, की उन्हानं खालचं खारं पाणी केशाकर्षणानं वर येतं, वाफ होऊन जातं आणि मीठ मागे ठेवतं. जमिनीवर पांढरी साय धरते. धुतलेली जमीन अशी पुन्हा खार होते, तीही समुद्राचा थेंब आत न येता. म्हणून उघडिपीत पाणी सोडायचं नाही, धरून ठेवायचं.

त्याच श्रावणात नारळी पौर्णिमा. ज्याला बांध घालून अडवायचं त्यालाच नारळ वाहायचा, हे ज्याला विसंगत वाटतं त्यानं उघाडी पाहिलेली नसते. शिवाय दिवस पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचाच.

जाता जाता आपला जिताडा मासा. खाडीतून पिल्लं आणून गावच्या गोड्या तळ्यात सोडतात, ती तिथे उत्तम वाढतात. हा मासा आधी नर म्हणून वयात येतो आणि काही वर्षांनी मादी होतो. पण अंडी घालायला त्याला खारं पाणीच लागतं. तळ्यात कितीही माजला तरी तिथे वंश वाढत नाही, पिल्लं पुन्हा बाहेरूनच आणावी लागतात.

आता मूर्ती. शाडू भिजवून मळतात, मूर्ती घडवतात, सावलीत वाळवतात, भाजत नाहीत. भाजली की ती मडकं झाली, पाण्यात कधीच विरणार नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसची तऱ्हा वेगळी. जिप्सम सुमारे 150 अंशांवर तापवून त्यातलं पाऊण पाणी उडवलेलं असतं. भुकटीत पाणी घातलं की ती ते परत घेते आणि मिनिटांत दगडासारखी होते. ज्या पाण्यानं शाडू सुटते त्याच पाण्यानं प्लास्टर धरतं. म्हणून विसर्जन केलेली प्लास्टरची मूर्ती दुसऱ्या भरतीला किनाऱ्यावर परत येते, हात तुटलेला, रंग उडालेला. देव पाठवला आणि राडारोडा आला. याला पाणी जबाबदार नाही, निवड जबाबदार आहे.

विधी मात्र पक्का आहे. प्राणप्रतिष्ठेत मूर्तीच्या हृदयाला हात लावून मंत्र म्हणतात, डोळ्यांना दूर्वेनं तूप लावतात, की मातीचा देव झाला. उत्तरपूजेत अक्षता टाकून मूर्ती जागची किंचित हलवतात, की देवाची माती झाली. या क्षणानंतर ती पाण्यात सोडताना अपमान होत नाही. उलट न सोडणं चूक. पाटावरून चिमूटभर माती किंवा वाळू घरी आणून धान्याच्या कणगीत टाकतात, ती याच हिशेबानं.

घरी विसर्जन करायचं तर मूर्ती पूर्ण बुडेल एवढी बादली घ्या. निर्माल्य, कापड, दागिने, जानवं आधी काढा. लहान मूर्ती रात्रभरात बसते. ढवळू नका. गाळ खाली बसला की वरचं पाणी अलगद ओतून टाका, राहिलेली माती फडक्यावर पसरून सुकवा. रंगाचा पापुद्रा वर येतो, तो खरवडून काढा. ती माती कारखान्यात परत द्या; पुढच्या वर्षी तीच पुन्हा भिजते.